तापाला तारीख असते

आई धानाच्या बांधीत पडली तेव्हा मी तिच्या बोटाला सुई टोचून रक्ताची काचपट्टी घेतली होती.

१९९८ सालचा श्रावण. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावात रोवणा, म्हणजे भातलावणी, उरकत आला होता. मी तेव्हा गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात आरोग्य सेवक होतो. चार दिवसांची रजा काढून घरच्या रोवण्याला आलो होतो. दुपारी बायांची ओळ पुढे सरकत गेली आणि आई मागे राहिली. पऱ्ह्यांची पेंडी तिच्या हातातून सुटली, मग ती स्वतःच चिखलात बसली. उजवा हात लोंबत होता, तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं, शब्द फुटत नव्हता. अंगाला हात लावला तर कोमट लागलं. नऊ वर्षांच्या नोकरीने मला एकच गोष्ट पक्की शिकवली होती: माणूस आडवा झाला की रक्त घ्यायचं. थैलीत काचपट्ट्या असायच्याच. मी घेतलं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "लकवा होय हा बाबू. कबूतर आना कोनी."

निदान काकूंचं बरोबर होतं. इलाज दोघांचाही चुकला. आईच्या हाताला कबुतराचं रक्त चोळलं गेलं आणि मी क्लोरोक्विनच्या गोळ्या पाण्यात विरघळवून तिच्या वाकड्या तोंडात घालत बसलो. दुसऱ्या दिवशी बैलबंडीने सडकेपर्यंत आणि तिथून एसटीने तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. पारा २१० वर होता. "यांचं बीपी याआधी कधी मोजलं होतं?" त्यांनी विचारलं. मी खाली पाहिलं. घरात आरोग्य खात्याचा पगार येत होता, आणि आईच्या दंडाला तो पट्टा अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा लागत होता.

एकोणिसाव्या दिवशी ती गेली, घरीच. काचपट्टीचा निकाल आला तेव्हा तेरवी होऊन गेली होती. यादीत तिचं नाव होतं आणि त्यापुढे 'निगेटिव्ह'.

नोंदवहीतला शेवटचा रकाना

मी १९८९ मध्ये नोकरीला लागलो. गडचिरोली जिल्हा तेव्हा सात वर्षांचा होता. २६ ऑगस्ट १९८२ ला तो चंद्रपूरमधून वेगळा झाला. आमचं काम म्हणजे ताप. पंधरवड्यातून एकदा प्रत्येक घरी जायचं, कोणाला ताप येऊन गेला का विचारायचं, बोट टोचायचं, काचेवर रक्ताचा एक जाड आणि एक पातळ थर पसरायचा, गोळ्या द्यायच्या आणि भिंतीवर भेटीची तारीख लिहायची. लोक मला नावाने ओळखत नसत. 'मलेरियावाले भाऊ आले' म्हणत.

जंगलातली सगळी आरोग्यसेवाच तापासारख्या आजारांसाठी बांधलेली होती, आणि ते बरोबरच होतं. १९७३ मध्ये हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्यापुढे येणारी माणसंही हिवतापाची, जखमा चिघळलेली, अस्वलाने फाडलेली अशीच असत. या आजारांत मरण समोरून येताना दिसायचं.

आमच्या नोंदवह्याही तशाच आखलेल्या होत्या. पहिल्या रकान्यात आजार सुरू झाल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात निकाल: बरा झाला, मरण पावला किंवा गाव सोडून गेला. हगवण तीन-चार दिवसांत आटपायची. क्षयरोगाचा औषधोपचार सहा महिन्यांचा. शेवटचा रकाना भरला की तो माणूस आमच्या वहीतून उतरायचा. तापाला तारीख असते. तो कधी चढला ते घरचे सांगतात, कधी उतरला तेही सांगतात.

बीपीला अशी तारीख नसते. आईचं बीपी कधी वाढायला लागलं, हे तिला माहीत नव्हतं, बापाला नव्हतं, मला नव्हतं. ते दहा वर्षं घरात राहत असेल तरी आवाज न करता राहिलं. मधुमेहाचंही तेच, आणि छातीच्या जुनाट दम्याचंही बरंचसं तेच. या आजारांना सरकारी भाषेत 'असंसर्गजन्य' म्हणतात. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, एवढंच तो शब्द सांगतो. त्यातली मोठी अडचण त्या शब्दात नाही: हे आजार संपत नाहीत. वहीचा शेवटचा रकाना वीस-तीस वर्षं कोरा राहतो, आणि तितकी वर्षं कोणीतरी त्या दारात जात राहावं लागतं.

एक हजार पाचशे नव्याण्णव मृत्यू

धानोऱ्याच्या एसटीने जाताना चातगावच्या अलीकडे-पलीकडे 'शोधग्राम'ची पाटी दिसायची. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली; शोधग्राम हे तिचंच ठिकाण. नव्वदच्या दशकात त्यांनी गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं आणि नवजात बाळांची काळजी घरच्या घरी घेऊन बालमृत्यू निम्म्याहून खाली आणून दाखवले. ते काम जगभर गेलं. आम्ही खात्यातली माणसं सर्च म्हणजे बाळं, असंच समजायचो.

मग त्याच संस्थेतले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांच्या मरणाकडे मोर्चा वळवला. आमच्याकडे माणूस बहुधा घरी मरतो. डॉक्टरचा दाखला नसतो, ग्रामपंचायतीच्या वहीत 'म्हातारपण' किंवा 'ताप' लिहिलं जातं. म्हणून मृत्यू झालेल्या प्रत्येक घरी शिकवलेला कार्यकर्ता जायचा आणि घरच्यांना विचारायचा: कसा पडला, बोलता येत होतं का, कोणती बाजू लुळी झाली, किती दिवस काढले. ती उत्तरं वाचून डॉक्टर मृत्यूचं कारण ठरवायचे. २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं, ८६ गावं, ९४ हजारांवर लोकसंख्या. एकूण १,५९९ मृत्यू झाले. त्यातले २२९ लकव्याचे निघाले. शंभरात चौदा. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाने इतकी माणसं गेली नव्हती.

२०१५ मध्ये हा अभ्यास 'स्ट्रोक' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, तेव्हा आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बैठकीत त्यातले आकडे वाचून दाखवले. लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्के घरी गेले होते. जवळपास निम्मे पहिल्या महिन्यात. मी खाली मान घालून ऐकत होतो. घरी: हो. महिन्याच्या आत: हो. सतरा वर्षांपूर्वीची माझी आई त्या तक्त्यात नीट बसत होती. आणि हा अभ्यास मुंबई-पुण्याचा नव्हता. नागलीची आंबील आणि धानाचा भात खाऊन उन्हातान्हात राबणाऱ्या माणसांचा होता.

बारक्या माणसाला बीपी कसं?

२०१० मध्ये केंद्र सरकारने कॅन्सर, मधुमेह, हृदयरोग आणि लकवा यांच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याचं प्रशिक्षण माझ्या वाट्याला दोन वर्षांनी आलं. यंत्रं वाटली, आणि सराव म्हणून एकमेकांचं बीपी मोजायला सांगितलं. माझ्या जोडीदाराने तीनदा हवा भरली. मग शिकवणाऱ्या डॉक्टरांना बोलावलं. १६०/१००. मी तेव्हा सेहेचाळीसचा, वजन बावन्न किलो, रोज वीस किलोमीटर सायकल. खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

बीपी-शुगर म्हणजे बसून खाणाऱ्यांचे रोग, ही समजूत गावात आहे तशी शहरातही आहे. पण आदिवासींच्या आरोग्याबद्दल केंद्राने नेमलेल्या आणि डॉ. अभय बंग अध्यक्ष असलेल्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला, त्यात म्हटलं आहे की देशातल्या दर चार प्रौढ आदिवासींपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे. हे कसं झालं याची कारणं मला माझ्या सायकलच्या रस्त्यावरच सापडली.

पहिलं मीठ. जुनी माणसं सांगायची, एके काळी व्यापारी जंगलात मीठ घेऊन यायचे आणि त्याच्या बदल्यात चारोळी मोजून न्यायचे. मीठ इतकं दुर्मीळ की ते जपून बोटाने चाटायचं. आता भातावर वरून मीठ, सुकटीत मीठ, लोणच्यात मीठ आणि शाळेच्या फाटकाशी पाच रुपयांच्या पुडीतही मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी खा, म्हणजे चहाचा एक चमचाभर. आमच्याकडे तेवढं सकाळच्या जेवणातच होतं.

दुसरी दारू आणि तिसरा तंबाखू. मोठ्या लोकचळवळीनंतर गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपूरमध्ये १ एप्रिल २०१५ पासून झाली आणि २०२१ मध्ये उठली. कागदावरची बंदी आणि गावातली बंदी यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच अंतर लोकांच्या रक्तदाबातही, असं माझं मत आहे. ज्या गावातल्या बायांनी खरोखर दारू थांबवली, तिथे म्हाताऱ्यांचे आकडे खाली आणणं मला सोपं गेलं. २०१६ पासून सरकार, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांनी मिळून गडचिरोलीत 'मुक्तिपथ' चालवलं, ते याच दोन व्यसनांवर.

चौथं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. आईच्या पोटात ज्याची नीट वाढ झाली नाही, जन्मतः ज्याचं वजन अडीच किलोच्या खाली राहिलं, त्याला पुढे मोठेपणी बीपी आणि शुगर होण्याची शक्यता जास्त असते. पोटात उपाशी वाढलेलं शरीर काटकसरीने जगायला शिकतं आणि मग जरा बरे दिवस आले की तीच काटकसर अंगावर येते. म्हणजे कुपोषण आणि मधुमेह हे दोन टोकांचे आजार नाहीत. एकाच घरात ते आजी आणि नातवासारखे राहतात.

आणि पाचवं कारण चांगलं आहे. माणसं जगायला लागली. १९९५ साली आरोग्यदूतांनी ज्या बाळांना गुंडाळून, ऊब देऊन वाचवलं, ती आज तिशीला पोचली आहेत. सरकारची बीपी-शुगरची तपासणी सुरू होते ती बरोबर तिशीपासून. ज्या बायांनी त्यांना पहिल्या आठवड्यात वाचवलं, त्यांच्यासारख्याच बायांना आता त्यांच्या दंडाला पट्टा बांधायचा आहे.

घोटलेली सुपारी

खर्ऱ्याबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे, कारण तो मी स्वतः बावीस वर्षं खाल्ला. फोडलेली सुपारी, तंबाखू, चुना. पन्नीत घालून घासत राहायचं, चांगली ओलसर झाली की गालात. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर रात्रभर नाटकं चालतात. वडसा म्हणजे या नाटकांचं माहेर. पहाटेपर्यंत जागायचं तर खर्रा हवाच, अशी आमची समजूत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण खर्रा कारखान्यात बनत नाही, टपरीवर तळहाताखाली बनतो.

एकदा तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी आम्हाला शिकवलं: माणसाला तोंड उघडायला सांगा आणि त्याचीच तीन बोटं उभी आत जातात का पाहा. मी आरशापुढे करून पाहिलं. दोन गेली, तिसरं अडकलं. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होते, तोंड आखडत जातं, तिखट सोसत नाही. असं झालेल्यांपैकी काहींना पुढे कॅन्सर होतो. मी खर्रा सोडला तो त्या तिसऱ्या बोटाला भिऊन, आकडे वाचून नव्हे. आजही तीन बोटं जात नाहीत. बायकोने तिखट कमी केलं आहे.

बायांचं व्यसन डोळ्यांत येत नाही. त्या गुडाखू दातांना घासतात, सकाळी आणि परत दुपारी. विचारलं तर म्हणतात, "दात घासतो जी फक्त." त्यात तंबाखू आहे हे अनेकींना माहीतच नसतं.

रक्तातला विळा

माझ्या आयुष्यात मी किती बोटं टोचली त्याचा हिशेब नाही. ते रक्त मी हिवतापाचा जंतू शोधायला पाठवत होतो, आणि त्याच रक्तात दुसरा एक आजार पिढ्यान्‌पिढ्या बसलेला होता. सिकलसेल. गोंड, माडिया, परधान आणि आमच्या भागातल्या इतरही जातींमध्ये तो सापडतो. रक्ताच्या तांबड्या पेशी वाटोळ्या असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांधे, पोट, छाती इतकी दुखते की पोर किंचाळतं.

दोन्ही आजारांचं नातं मला निवृत्तीच्या जवळ कळलं. ज्याला हा दोष एकाच पालकाकडून येतो, त्याला सिकलसेलचा त्रास सहसा होत नाही आणि घातक हिवतापापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणून जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता, तिथल्या रक्तात हा विळा टिकून राहिला. पण आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. २०४७ पर्यंत तो संपवायचं उद्दिष्ट आहे. आमच्याकडे लग्न ठरवताना आता काही घरं कुंडलीआधी रक्ताचा कागद मागतात. मला त्यात वावगं वाटत नाही. पण आजारी पोरगी म्हणून एखादीचं लग्नच मोडतं, तेव्हा त्या कागदाने काय शिकवलं, असा प्रश्न पडतो. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे प्रत्येक गावात बसून सांगावं लागतं.

कोळशाच्या पट्ट्यात

माझी धाकटी बहीण चंद्रपूरकडे दिली आहे. तिथे उन्हाळ्यात पारा ४७ च्या वर जातो, खाणी आहेत, २,९२० मेगावॉटचं वीजकेंद्र आहे, आणि दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी पांढरा राहत नाही. बहिणीला चार वर्षं खोकला. दरवेळी थुंकी तपासायची, दरवेळी क्षयरोग नाही म्हणून परत पाठवायचे आणि खोकल्याचं औषध द्यायचे. फुप्फुसाच्या जुनाट आजाराचं नाव पहिल्यांदा घेतलं ते एका तरुण डॉक्टरने, तिला नळीत जोरात फुंकायला लावून. तिने कधी बिडी ओढली नाही. पण तीस वर्षं तिने लाकडाच्या चुलीपुढे फुंकणी फुंकली, त्यात बाहेरची धूळ. आता ती औषधाचा पंप ओढते. पंप ओढायचा म्हणजे लोक नाव ठेवतात, म्हणून पदराआड ओढते.

बरं वाटते, मंग गोळी कायले?

लकव्यात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते. गुठळी असेल तर ती विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. भामरागडचा माणूस आधी गडचिरोलीलाच कधी पोचणार? आमच्याकडे लकव्यावर खरा इलाज करायचा तो लकवा येण्याच्या दहा वर्षं आधी.

आणि तो इलाज स्वस्त आहे. अ‍ॅम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅमची एक पांढरी गोळी, रोज. त्याने आटोक्यात आलं नाही तर दुसरी, मग तिसरी, अशी ठरलेली पायरी. मी तीच घेतो. सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. मग अडतं कुठे?

कुरखेड्याकडच्या एका काकाजींनी मला ते चार शब्दांत सांगितलं. तीन महिने मी त्यांना गोळ्या दिल्या, १७० वरून आकडा १३० वर आला. चौथ्या महिन्यात गेलो तर १८०. डबा भरलेला.

"काकाजी, गोळी बंद केली?"

"मले तं बरं वाटून राह्यलं जी. बरं वाटते, मंग गोळी कायले खाची?"

ते अडाणी होते म्हणून असं बोलले, असं कोणी समजू नये. आयुष्यभर आम्हीच त्यांना शिकवलं होतं की ताप उतरला की गोळी बंद. मी त्यांना गावातल्या मामा तलावाकडे नेलं. मालगुजारीच्या काळातली पाळ, तलाव पाण्याने भरलेला. "काकाजी, पाणी पाळीला रोज दाबते का नाही?" "दाबते." "तुमाले आवाज येते का?" "नाई." "मंग पाळ कधी दुरुस्त करता, फुटल्यावर?" ते हसले. पाळीवर बसून त्यांनी तिथेच एक गोळी घेतली. पुढच्या महिन्यात १४०.

पण समजावून अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं पोचवण्याचं आहे. गोळ्या महिन्याच्या मिळतात आणि आमचा महिना शहराच्या महिन्यासारखा नसतो. मे महिन्यात घरातली सगळी तेंदूपत्त्याला जंगलात. रोवण्यात कोणी गाव सोडत नाही. जानेवारीपासून अर्धं गाव तेलंगणात मिरची तोडायला. तिथे गोळी संपली तर कोणाला मागणार? आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, कधी दिवसभर, कधी आठवडाभर. मी अशी माणसं पाहिली आहेत जी गोळ्या पुरवून खातात: एक दिवसाआड एक, जशी महागाईत साखर पुरवावी. त्यांना कोणी तसं सांगितलेलं नसतं. संपू नये म्हणून त्यांनीच काढलेली युक्ती.

जगाचा हिशेबही याच वळणावर येऊन थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ मध्ये असंसर्गजन्य आजारांनी किमान ४ कोटी ३० लाख माणसं गेली, त्यातली ७३ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. सत्तरीच्या आत गेलेल्यांपैकी तर ८२ टक्के या देशांतली. भारतात १९९० मध्ये एकूण मृत्यूंपैकी ३८ टक्के या आजारांचे होते, २०१६ मध्ये ते ६२ टक्क्यांच्या जवळ गेले. आजार श्रीमंत देशांतही आहेत. तिथे माणूस आजारासह म्हातारा होतो. इथे तो रोवण्यात पडतो. फरक औषध शोधण्याचा नाही, ते औषध दर महिन्याला त्याच दारात पोचण्याचा आहे.

हे जमतं, याची उदाहरणं जवळच आहेत. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत आला, त्यांत आमच्याच झाडीपट्टीतला भंडारा होता, शेजारचा वर्धाही. त्याची रीत साधी: सगळ्यांना एकच औषधाची पायरी, गोळ्यांचा साठा संपू द्यायचा नाही, नर्स आणि आशाताईंनाही कामात घ्यायचं आणि महिन्याला न आलेल्या माणसाचं नाव काढून त्याच्या घरी जायचं. सर्चनेही लकव्याच्या अभ्यासानंतर आरोग्यदूतांकडून गावात बीपी मोजणं आणि डॉक्टरांचं फिरतं पथक, हा मार्ग धरला. यात चकाकणारं काही नाही. उद्‌घाटनाला फीत कापता येईल असंही काही नाही.

माझी निवृत्ती २०२४ मध्ये झाली, अठ्ठावन्नव्या वर्षी. आई गेली त्याच वयात. मी बारा वर्षांहून जास्त काळ गोळी घेतो आहे आणि अजून बांधीत उतरतो. आमच्या दोघांत फरक एवढाच की माझ्या दंडाला पट्टा सेहेचाळिसाव्या वर्षी लागला.

सरकारकडे माझी एकच मागणी आहे, आणि ती मी नोकरीत असतानाही बैठकीत मांडली होती. पावसाळ्यात तुटणाऱ्या गडचिरोलीच्या गावांना जूनच्या आधीच चार महिन्यांचं रेशनचं धान्य पोचवतात. ट्रॅक्टर जातो, पोती उतरतात, अंगठे लागतात. त्याच ट्रॅक्टरवर, त्याच यादीने, बीपी आणि शुगरच्या माणसांच्या चार महिन्यांच्या गोळ्याही जाऊ द्या. मिरचीला जाणाऱ्यांना निघण्याआधी तशाच द्या. एका माणसाच्या एकशेवीस गोळ्या तांदळाच्या एका मुठीएवढ्या भरतात.

आणि वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या आईच्या, बापाच्या दंडाला पट्टा शेवटचा कधी बांधला, ती तारीख आठवून पाहा. आठवत नसेल तर या आठवड्यात मोजून घ्या आणि कुठेतरी लिहून ठेवा. आम्ही भिंतीवर लिहायचो.